एका रात्रीची चौकशी

नाशकात राहणाऱ्याला बाहेरगावहून फोन येतात ते दोन कामांसाठी. द्राक्षं कुठली घ्यावीत, आणि एका रात्रीची स्वस्तात सोय होईल का. "लॉज वगैरे नको रे, नुसती पाठ टेकायची आहे." द्राक्षांचं एका वाक्यात सांगून होतं, पण पाठ टेकण्याचं प्रकरण तसं नाही. रात्रीचं भाडं जितकं कमी तितकी चौकशी जास्त, असा माझा ठाम समज आहे. मोठ्या हॉटेलात आधार कार्ड दाखवलं की किल्ली हातात पडते. तुम्ही कोण, कुठले, कशाला आलात, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसतं.

पंचवटीतल्या धर्मशाळेत तसं चालत नाही. खिडकीमागे व्यवस्थापक, समोर जाडजूड रजिस्टर, त्याला सुतळीने बांधलेलं बॉलपेन. गाव कुठलं? दर्शनाला की विधीला? किती जण? "एकटाच" म्हटलं की पेन थांबतं. "एकट्याला खोली देत नाही." बऱ्याच ठिकाणी हा अलिखित नियमच असतो. एकटा माणूस घरून भांडून आला असेल, रात्री काही बरंवाईट करून घेईल, ही त्यामागची भीती. सोबत आई असली की तोच माणूस लगेच सज्जन होतो. मग गादी-रजईचे वेगळे पैसे, गरम पाणी सकाळी अमुकपर्यंतच, दहाला फाटक बंद. साडेनऊच्या सुमारास रामकुंडावरून घाईघाईने परत निघालेली मंडळी दिसली, तर ती बहुधा धर्मशाळेतली समजावी.

त्याही आधीची पद्धत म्हणजे तीर्थोपाध्यायांच्या घरीच उतरायचं. तिथे चौकशी गाव आणि आडनावापासून सुरू व्हायची, पण पुढे गाडी उलटी फिरायची. गुरुजी कापडात बांधलेली लांबलचक चोपडी काढायचे, पानं उलटायचे आणि तुमच्या पणजोबांचं नाव तुम्हालाच वाचून दाखवायचे. ते कधी आले होते, सोबत कोण होतं, खाली त्यांची सही. चोपड्या अजून आहेत. मुक्काम मात्र आता बहुतेक जण दुसरीकडे करतात.

अर्थात, 'कोण तुम्ही?' हा प्रश्न नेहमीच इतका निरुपद्रवी नव्हता. याच पंचवटीत 1930 साली काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी सत्याग्रह करावा लागला. देवळाच्या दारात जी जात आडवी येत होती, ती ओसरीवर पथारी पसरताना आल्याशिवाय कशी राहील? गाडगे महाराजांनी नाशिक, पंढरपूर, आळंदी अशा ठिकाणी धर्मशाळा उभ्या केल्या, त्यांचं मोल मला इथे कळतं. पंढरपुरातली चोखामेळा धर्मशाळा तर, ज्यांना इतरत्र कुणी उभं करत नव्हतं त्यांच्यासाठीच होती. पुढे ती त्यांनी बाबासाहेबांच्या स्वाधीन केली. बांधणारा माणूस स्वतः मात्र जन्मभर काठी, मडकं आणि अंगावरच्या चिंध्यांवर राहिला.

स्टँडवर झोपायला भाडं नाही, पण झोपही नाही. पिशवीचा बंद मनगटाला गुंडाळायचा आणि दर तासाला उठून हात चाचपायचा. नाशिकरोडला फलाटावर आडवं व्हायचं तर 'तिकीट आहे का?' हा एकच प्रश्न, आणि तो रास्तच आहे. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महाग सोय म्हणजे नातेवाईक. रुपया लागत नाही, पण पगार, लग्न, फ्लॅटचा हप्ता, सगळ्याचा हिशोब जेवणाच्या ताटावर द्यावा लागतो. 2027च्या सिंहस्थात आम्ही नाशिककर नेमके याच भूमिकेत असणार. चुलत-मावस मंडळींनी आतापासूनच प्रेमाने खुशाली विचारायला सुरुवात केली आहे.

यावरचा नवा तोडगा म्हणजे ती झोपायची खोकी. जपानमध्ये ओसाकाला 1979 साली पहिलं कॅप्सूल हॉटेल निघालं, आणि आपल्याकडे रेल्वेने 2021 मध्ये मुंबई सेंट्रलला तसं सुरू केलं. 48 खोकी आणि सुरुवातीचा दर बारा तासांना 999 रुपये. धर्मशाळेच्या हिशोबाने हे स्वस्त मुळीच नाही, मुंबईच्या हिशोबाने आहे. माझा भाचा इंटरव्ह्यूसाठी मुंबईला गेला, तेव्हा अशाच एका खोक्यात राहिला. एकटा असूनही कुणी काही विचारलं नाही, याचंच त्याला अप्रूप. रात्री ताईचा फोन गेला. दार आतून लागतं का? पाय लांब होतात का? शेजारी कोण आहे? कुठल्या गावचा? भाचा कुजबुजत म्हणाला, "आई, इथे कोणी कोणाला विचारत नाही." "मग तू विचार!" ताईचा आवाज स्पीकरवर नसतानाही बाहेर ऐकू जातो. पलीकडच्या फळीवर टकटक झाली आणि कुणीतरी म्हणालं, "चाळीसगाव."