परतीचे वीस दिवस

सहा वर्षं आमचं घर साडेअकरा मीटर लांब होतं. दोघं, एक डोलकाठी, आणि झोपताना कानापासून वीतभर अंतरावर पाणी. घरी दोघांच्याही आईवडिलांची वयं झालीत, म्हणून परतायचं आणि पोचल्यावर बोट विकायची असं ठरलं. ठरवताना फार बोललो नाही. बोललो असतो तर ठरलंच नसतं.

कॅरिबियनमधल्या सेंट मार्टिन बेटाहून मेच्या पहिल्या आठवड्यात नांगर उचलला. अटलांटिकच्या त्या बाजूला 1 जूनपासून चक्रीवादळांचा हंगाम धरतात, त्याआधी निघायलाच हवं होतं. जायचं होतं पूर्वेला, पोर्तुगालच्या अझोरेस बेटांवरच्या हॉर्टा बंदराला, साधारण 2,200 सागरी मैल. पण तिकडे नाक करून सरळ जाता येत नाही. येताना ज्या व्यापारी वाऱ्यांनी आम्हाला पाठीवर हात ठेवून आणलं, तेच आता समोरून येणार. म्हणून आधी उत्तरेला चढायचं, तिशीच्या अक्षांशांत पश्चिमेचा वारा धरायचा आणि मग उजवीकडे वळायचं. पहिला आठवडाभर नकाशावर घर जवळ येतंय असं वाटतच नाही. मला त्याचा त्रास झाला नाही. उलट बरंच वाटलं.

पाचव्या दिवशी सकाळी मी नेहमीप्रमाणे डेकवर फेरी मारत होते. पुढच्या शिडाची दोरी डोलकाठीला तोलणाऱ्या तारेवर घासत होती. वरचं निळं आवरण बोटभर फाटलेलं, आतला पांढरा गाभा पिंजलेला. आदल्या संध्याकाळी तिथे काहीच नव्हतं. एका रात्रीत हजारो वेळा जराशी पुढे, जराशी मागे, एवढंच झालं होतं. समुद्रात भीती वादळाची वाटते, पण बोट खाते ती ही घासण. दोन हात दोरी कापून टाकली, नवीन टोकाला गाठ मारली, तारेवर रबरी नळीचा तुकडा चढवला. त्या दिवसापासून रोज सकाळी प्रत्येक दोरी वीतभर पुढे-मागे सरकवायची, म्हणजे घास एकाच जागी बसत नाही. कापलेला तुकडा मी ठेवून दिला. बोटीवर दोरी टाकून देत नाहीत.

रात्री तीन-तीन तासांच्या पाळ्या. पाळीवर असलं की दर बारा मिनिटांनी टायमर वाजतो. उठायचं, चारही बाजूंनी क्षितिज नीट बघायचं, आसपासची जहाजं दाखवणाऱ्या एआयएस यंत्राचा पडदा बघायचा, मगच बसायचं. वीस नॉटने येणारं मालवाहू जहाज नजरेला पडल्यापासून अंगावर यायला वीसेक मिनिटं पुरतात, आणि सगळीच जहाजं आपल्याला बघत असतील असं धरून चालत नाही. पहाटेची पाळी मी मागून घेतली होती. आम्ही पूर्वेला सरकत होतो आणि घड्याळ यूटीसीवरच, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवरच होतं, त्यामुळे सूर्य दर दिवशी थोडा लवकर उगवायचा. घर जवळ येतंय हे मला तिथे कळायचं.

बाराव्या दिवशी वारा मेला. हवेचा दाब मोजणारा बॅरोमीटर 1,030 मिलिबारच्या वर चढून तिथेच बसला. अझोरेसचा उच्च दाब, ज्याच्या मधोमध वारा जवळजवळ नसतोच, आमच्या डोक्यावर येऊन थांबला होता. टाकीत दीडशे लिटर डिझेल, इंजिन तासाला अडीच लिटर पितं, म्हणजे साठ तास, फार तर तीनशे मैल. समोर होते आठशे. नवरा म्हणाला, "थोडं तरी चालवूया." मी म्हटलं, बंदरात शिरायला आणि अडचणीला राखून ठेवू. खरं कारण तेवढंच नव्हतं, हे त्यालाही कळलं असावं. तो गप्प राहिला. शीड उगाच आपटून फाटू नये म्हणून उतरवलं आणि तीन दिवस नुसते डोलत राहिलो. पाण्यावर जांभळट फुगे तरंगत होते, पोर्तुगीज मॅन ओ' वॉर या जेलीफिशसारख्या जीवाचे. वारा ढकलेल तिकडे जाणारे, आमच्यासारखेच थांबलेले. आमचं एकमेकांशी इतकं सलग, इतकं निवांत बोलणं त्या सहा वर्षांतही झालं नव्हतं.

मग नैऋत्येकडून पाण्यावर काळसर सुरकुती आली आणि आम्ही निघालो.

विसाव्या दिवशी पहाटे ढगांच्या वर एक टोक दिसलं. अझोरेसमधला पिको पर्वत, 2,351 मीटर. खालचं बेट अजून दिसतच नव्हतं. मी नवऱ्याला उठवायला हवं होतं, पण दहा मिनिटं एकटीच बघत बसले. मग आधी वास आला, ओल्या मातीचा आणि गवताचा, आणि मला रडू फुटलं.

हॉर्टाच्या धक्क्यावर आलेल्या बोटींनी आपापली चित्रं काढून ठेवली आहेत. चित्र न काढता निघालं तर पुढचा प्रवास धड होत नाही, असं खलाशी मानतात, आणि आम्हीही मानलं. पुढे युरोपचा किनारा अजून साधारण हजार मैल आहे. आम्ही फक्त डोलकाठी, शीड आणि बोटीचं नाव काढलं. ब्रश एकच होता, तो त्याच्याकडे. अक्षरं मी त्या कापलेल्या दोरीच्या पिंजलेल्या टोकाने काढली.