कट्टी, बट्टी आणि बालसंगोपनाची फाईल

नोव्हेंबर 2023 मध्ये माझे मिस्टर गेले तेव्हा लेक 6 वर्षांची होती, पहिलीत. रात्री छातीत कळ आली आणि तालुक्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं. सकाळी ती उठली तर घर बायकांनी भरलेलं. कुणीतरी तिला जवळ ओढून म्हणालं, "बाबा देवाघरी गेले गं, बाळा." पुढे मीही तेच म्हणत राहिले. दुसरा शब्द तोंडातून फुटतच नव्हता.

पंधरा दिवसांनी लक्षात आलं, ती देव्हाऱ्याच्या खोलीत पाऊल टाकेना. एरवी दिवेलागणीला आधी तीच शुभंकरोती सुरू करायची, आता ओट्यावर जाऊन बसायची. रात्री अंथरूण ओलं होऊ लागलं. माझा डोळा लागला की हलवून जागं करायची. सासूबाईंनी मीठ-मोहऱ्या उतरवून टाकल्या. मी अडवलं नाही, त्यांचाही मुलगा गेला होता.

मुलांच्या सांभाळासाठी सरकार महिन्याला पैसे देतं त्या बालसंगोपन योजनेचं आमच्या अंगणवाडीच्या ताईंनी सांगितलं. मला वाटत होतं ती फक्त अनाथ मुलांसाठी असते. पण आई किंवा वडील यांपैकी एकच उरलेल्या मुलांनाही 18 वर्षांपर्यंत ती मिळू शकते. आता तिला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचं नाव आहे आणि 2023 पासून रक्कम महिना 1100 वरून 2250 रुपये झाली आहे. अर्जाला पैसे लागत नाहीत, त्यामुळे "करून देतो" म्हणणाऱ्याच्या हातात काही ठेवू नका. मृत्यूचा दाखला, दोघींचं आधार, शाळेचं बोनाफाईड, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, बँकेचं पासबुक आणि घरासमोर उभं राहून काढलेला आम्हा दोघींचा फोटो, एवढं जमवायला मला दोन महिने लागले.

त्या दोन महिन्यांत एक चूक माझ्याकडून होत होती. घरी ठेवायला कुणी नाही म्हणून लेकीला सगळीकडे बरोबर न्यायची, आणि प्रत्येक टेबलावर तोच प्रश्न यायचा. नवरा कशाने गेला? दारू प्यायचे का? सासरचे सांभाळतात का? मी उत्तर देत राहायची आणि ती माझ्या पदराचं टोक चावत उभी असायची. एका ठिकाणी तर थेट तिलाच विचारलं, "बाबा आठवतात का?" परतताना एसटीत तिला उलटी झाली. मला वाटलं, घाटामुळे असेल.

त्या रात्री 14416 ला फोन लावला. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाईनचा नंबर, दिवसरात्र चालू असतो, पैसे पडत नाहीत. पलीकडच्या ताई मराठीतच बोलल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात जायला सांगितलं. मानसोपचार म्हटल्यावर सासूबाई घाबरल्या, "पोरीला वेडी ठरवतील," म्हणाल्या. मी तरी गेले.

तिथल्या समुपदेशक बाईंनी पहिल्या दिवशी फक्त रंगीत खडू दिले. दुसऱ्या वेळी मला बाजूला घेऊन विचारलं, "वडील वारले हे तुम्ही तिला कोणत्या शब्दांत सांगितलंत?" मी देवाघरचं सांगितलं. त्या म्हणाल्या, या वयाचं मूल शब्द जसाच्या तसा घेतं. देवाने बाबांना नेलं, म्हणजे उद्या आईलाही नेईल. मग त्याच्या खोलीत ते कशाला जाईल?

तिसऱ्या वेळी खरं बाहेर आलं. आदल्या संध्याकाळी बाबांनी कबूल करून चिक्की आणली नव्हती, म्हणून तिने त्यांच्याशी कट्टी केली होती. बट्टी करायची राहिली आणि बाबा गेले. आपल्या कट्टीमुळेच गेले, हे ओझं घेऊन ते लेकरू तीन महिने वावरत होतं. आम्हा मोठ्यांपैकी कुणाला तसूभर कल्पना नव्हती. अजूनही ते आठवलं की माझ्या पोटात तुटतं.

घरी येऊन तिला मांडीवर घेतलं आणि सरळ सांगितलं. बाबा वारले. त्यांचं हृदय बंद पडलं. कुणाच्या रागावण्याने हृदय बंद पडत नाही, कट्टीनेही नाही. ते आता परत येणार नाहीत, आणि आई इथेच आहे. ती खूप रडली. तोवर ती रडलीच नव्हती. मग मीच तिची करंगळी सोडवून दोन बोटं धरली आणि म्हटलं, बाबांच्या वतीने बट्टी.

त्यानंतर कचेरीत जाताना मी एक कागद लिहून नेऊ लागले. मिस्टर कधी, कशाने गेले, घरात कोण, कमाई किती, सगळं त्यात होतं आणि वर मोठ्या अक्षरात: "कृपया मुलीसमोर विचारू नये, खाली लिहिले आहे." बहुतेकांनी तो निमूट वाचला. माणसं वाईट नव्हती, पण मूल ऐकतंय हे त्यांच्या ध्यानातच येत नव्हतं.

पुढे अर्जाच्या चौकशीसाठी गृहभेट झाली. आलेल्या ताई जमिनीवर बसल्या, चहा घेतला आणि लेकीची वही बघितली. मग अर्जाचा निर्णय करणाऱ्या बालकल्याण समितीसमोर जायचं होतं. तिचा मला फार धसका होता, कारण अध्यक्ष आणि चार सदस्यांच्या या समितीला कायद्याने दंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात. प्रत्यक्षात साधी टेबलखुर्ची. सदस्य बाईंनी अहवाल आधीच वाचलेला होता. त्यांनी लेकीला शाळेतल्या मैत्रिणींची नावं विचारली आणि ती चक्क पाच मिनिटं बोलत राहिली. वडिलांचा विषय त्यांनी तिच्यासमोर काढलाच नाही. तीन आठवड्यांनी मंजुरीचा आदेश मिळाला.

पैसे महिन्याच्या महिन्याला येतील असं धरून चालू नका. आम्हाला मधूनमधून तीन-चार महिन्यांचे एकदम आले. दप्तर, वह्या, रिक्षा त्यात भागतं. अंथरूण ओलं होणं उन्हाळ्यापर्यंत थांबलं. देव्हाऱ्यापाशी यायला मात्र दिवाळी उजाडली, आणि तोवर मी तिला एकदाही बोलावलं नाही.

यंदा पुन्हा बोनाफाईड आणि उत्पन्नाचा दाखला घेऊन गेलो. टेबलावर नवीन साहेब होते. मी पिशवीतून कागद काढेपर्यंत त्यांनी विचारलंच, "वडील कशाने गेले?" माझा हात पिशवीतच राहिला. लेक म्हणाली, "हृदय बंद पडलं. बाकीचं आईच्या कागदात लिहिलंय."