लाइट गेली आणि लॅपटॉप पळायला लागला

०.३९ हा आकडा मी विसरू शकत नाही. २०२४ च्या जुलैत माझा लॅपटॉप ०.३९ गिगाहर्ट्झने चालत होता. त्याच्या प्रोसेसरचा ठरलेला वेग २ गिगाहर्ट्झ. पाच बायांचं निंदण एकीच्या गळ्यात टाकावं तशी त्याची गत झाली होती, आणि त्यातले अकरा दिवस तो यवतमाळच्या एका दुकानात नुसता पडून होता. त्या अकरा दिवसांचा राग अजून गेलेला नाही, म्हणून हे लिहिते आहे.

दारव्ह्याकडच्या एका गावात मी आपले सरकार सेवा केंद्र चालवते. घराची पुढची खोली, एक लॅपटॉप, एक प्रिंटर-स्कॅनर आणि अंगठ्याचं मशीन, एवढाच पसारा. त्या जुलैत महाराष्ट्रातल्या प्रत्येक केंद्रावर काय गर्दी होती ते ज्यांनी पाहिलं त्यांना सांगायला नको. एक रुपयात पीक विमा, मुदत आधी १५ जुलै, मग वाढून ३१ जुलै. त्यातच १ जुलैपासून लाडकी बहीण सुरू झालेली, म्हणून उत्पन्नाच्या आणि अधिवासाच्या दाखल्यांसाठी बाया सकाळी सातपासून ओट्यावर बसायच्या. विम्याच्या एका अर्जाला सातबारा, आठ-अ, आधार, पासबुक, पीकपेऱ्याचं स्वयंघोषणापत्र असं सगळं स्कॅन करून चढवायचं. अर्जामागे केंद्राला तेव्हा चाळीस रुपये मिळायचे. मशीन नीट चाललं तर दहा-बारा मिनिटांत एक अर्ज होतो. माझा एकेक अर्ज पाऊण तास खात होता.

लॅपटॉप २०१७ चा, आय-३ ६००६यू प्रोसेसरचा. उन्हाळ्यातच त्याच्यावर खर्च केला होता. जुनी हार्डडिस्क काढून २४० जीबीची एसएसडी टाकली आणि चार जीबी रॅमचे आठ केले. माझा भाचा पॉलिटेक्निकला आहे, त्याने अर्ध्या दिवसात सगळं बसवून दिलं. चार मिनिटांनी सुरू होणारं मशीन वीस-पंचवीस सेकंदांत उघडायला लागलं. जुन्या लॅपटॉपवर पैसे घालायचे असतील तर सगळ्यात आधी एसएसडीवर घाला, हे मी कुणालाही छातीठोक सांगते. जुनी डिस्क सेकंदाला शंभरेक एमबी वाचते, साधी साटा एसएसडी पाचशेच्या वर. रॅम घेताना मात्र आधी आत कोणती आहे ते बघा. डीडीआर-३ च्या जागी डीडीआर-४ बसतच नाही, खाच वेगळी असते.

तर जूनच्या शेवटी उंदराने चार्जरची वायर कुरतडली. यांनी तालुक्याच्या बाजारातून साडेचारशेचा चार्जर आणून दिला. दुकानदार म्हणाला, सगळ्याला चालतो. पिन बसली, दिवा लागला, लॅपटॉप सुरू झाला. मी पुढच्या कामाला लागले.

दोनच दिवसांत मशीन रडायला लागलं. मराठी टाइप करावं तर अक्षर बोटानंतर उमटायचं. पीडीएफ उघडायला चहा होऊन जायचा. सुरुवातीला मी पोर्टललाच दोष दिला, कारण त्या दिवसांत पोर्टलही खरंच अडकत होतं. मग नेटला. मग एका रात्री बसून सेटिंगमध्ये जे जे जमतं ते सगळं केलं.

ते काय केलं तेही सांगून ठेवते, कारण ज्यांचं मशीन साध्या कारणाने हळू आहे त्यांना त्याचा उपयोग होईल. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबलं की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात स्टार्टअपमध्ये जाऊन जे नको ते बंद केलं, सात-आठ गोष्टी नुसत्या मशीन सुरू होताच येऊन बसत होत्या. अंगठ्याच्या मशीनची आरडी सर्व्हिस, म्हणजे ते मशीन चालवणारं सॉफ्टवेअर, तेवढी बंद करू नका, नाहीतर दुसऱ्या दिवशी अंगठाच लागणार नाही. पॉवर ऑप्शन्समध्ये हाय परफॉर्मन्स केलं. टेंप फोल्डर रिकामं केलं. खिडक्या सरकण्याचे, सावल्यांचे देखावे बंद केले. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम करणाऱ्यांनी ते कनेक्शन मीटर्ड करून ठेवावं, म्हणजे विंडोज मधेच मोठं अपडेट उतरवून दिवसाचा डेटा संपवत नाही. हे सगळं करून माझ्या मशीनमध्ये तसूभर फरक पडला नाही.

४ जुलैला यवतमाळला गेले. एसटीने सव्वा तास. दुकानात लॅपटॉप ठेवून घेतला, चार्जर परत दिला. "ताई, चार्जर राहू द्या तुमच्याजवळ, आपल्याकडे आहेत." उद्या या म्हणाले. उद्याचं परवा झालं, परवाचं सोमवार. फोन केला की "ताई, सुरूच आहे काम". मी इकडे ओट्यावर आलेल्या माणसांना शेजारच्या गावच्या केंद्रावर पाठवत होते. पेरणीचे दिवस, बाया मजुरी पाडून यायच्या आणि तशाच परत जायच्या. एक म्हातारी तीनदा येऊन गेली. तिसऱ्या वेळी ती काहीच बोलली नाही, नुसती कागदांची पिशवी काखेत मारून निघाली. ते मला फार लागलं.

१५ तारखेला लॅपटॉप मिळाला. नवीन विंडोज टाकलं म्हणाले, पाचशे रुपये. माझ्यासमोर सुरू करून दाखवला. खरंच पळत होता. मी खूश होऊन पैसे दिले आणि घरी आले. सगळं फॉरमॅट झाल्याने आरडी सर्व्हिस गेलेली, स्कॅनरचा ड्रायव्हर गेलेला, मराठी कीबोर्ड गेलेला, डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर गेलेला. रात्री दोनपर्यंत एकेक बसवलं. आणि मशीन पुन्हा तसंच, मेल्यासारखं.

फोन केला तर उत्तर काय? "इथं तर मस्त चालून राहिलं होतं ताई. तुमच्या गावात नेटच चालत नसंन." नेटचा आणि अक्षर उशिरा उमटण्याचा काय संबंध? २० तारखेला पुन्हा गेले. या वेळी दुकानातल्या माणसाने लॅपटॉप उघडूनही बघितला नाही. हातात घेतला, उलटा केला आणि म्हणाला, मदरबोर्ड गेला, साडेआठ हजार लागतील, त्यापेक्षा नवीनच घ्या. मी काही न बोलता लॅपटॉप पिशवीत घातला.

त्या रात्री भाच्याने फोनवर सांगितलं, मामी, टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सला जा, सीपीयूवर टिचकी मार आणि खाली स्पीड काय लिहून येतं ते वाच. तोवर मी फक्त टक्के बघत होते, शंभर टक्के वापर, म्हणजे मशीनवर ताण आहे एवढंच. स्पीडकडे कधी लक्षच गेलं नव्हतं. ०.३९. दोनच्या जागी. काहीही करा, उघडा, बंद करा, आकडा हलत नव्हता. भाचा म्हणाला, गरम होत असंन, पंख्यात कापूस अडकला असंन. आमच्याकडे हे अगदी खरं आहे. वेचणीच्या दिवसांत घरभर कापूस असतो, त्याची रुई पंख्यात आणि जाळीत जाऊन बसते. खालचं झाकण काढून मऊ ब्रशने साफ केलं. बोटभर लादी निघाली, पण आकडा तिथेच. (साफ करताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, फुंकर मारून पंखा गरगर फिरवू नका.)

२३ जुलैचा दिवस. रात्रीपासून लाइट नव्हती, पहाटे येऊन सकाळी पुन्हा चालू-बंद होत होती. इन्व्हर्टर रात्रीच उतरलेला. शेजारचे आबाजी सकाळपासून विम्यासाठी खाटेवर बसलेले. त्यांचा आठ-अ स्कॅन होऊन पडद्यावर यायची वाट बघत होतो, निळं चाक फिरतच होतं. मधून मधून विचारायचे, "पोरी, काय म्हन्ते तुही मशीन?"

आणि लाइट गेली. पंखा थांबला, प्रिंटर बंद. लॅपटॉप बॅटरीवर आला, पडदा जरासा मंद झाला. आणि दुसऱ्याच क्षणी आठ-अ आला. मी पुढचं बटण दाबलं, पान लगेच उघडलं. पासबुक चढवलं, गेलं. नेट मोबाइलवर होतं, ते आधी होतं तेवढंच होतं. खाली टास्क मॅनेजर उघडाच होता. १.९८.

आबाजींच्याही लक्षात आलं. "काय वो, लाइट गेली अन् तुही मशीन पयाले लागली?"

त्या एका वाक्याने माझ्या डोक्यात उजेड पडला. लाइट आली, चार्जर चालू झाला, आकडा धाडकन ०.३९. पिन उपटली, १.९८. पिन लावली, ०.३९. चार वेळा करून पाहिलं. बॅटरीच्या चित्रावर बोट ठेवलं तर ४१ टक्के, जोडलेला आहे पण चार्ज होत नाही असं लिहून आलेलं.

मग आठवलं की रोज सकाळी मशीन सुरू होताना काळ्या पडद्यावर इंग्रजीत चार ओळी येतात. माझी मुलगी सवयीने एफ-१ दाबून पुढे जायची, मीही तेच करत आले. या वेळी मशीन मुद्दाम बंद-चालू केलं, फोनने फोटो काढला आणि शब्द न् शब्द लावत वाचलं. अर्थ असा: पॉवर अडॅप्टर कोणता आणि किती वॅटचा ते ओळखता येत नाही, बॅटरी चार्ज होईलच असं नाही, जेवढी वीज मिळेल तेवढ्यापुरता संगणक आपला वेग कमी करील. घरी होतं तेवढे दिवस मशीन रोज सकाळी स्वतःचं दुखणं सांगत होतं. दुकानातल्या माणसाने त्या अकरा दिवसांत आपला चांगला चार्जर लावला, म्हणून तिथे ते पळालं. माझा चार्जर त्याने एकदा जरी लावून पाहिला असता, तर पाच मिनिटांत कळलं असतं.

काही कंपन्यांच्या चार्जरच्या पिनेत मधोमध सुईसारखी बारीक तार असते. वीज बाहेरच्या गोल नळीतून येते. त्या सुईतून फक्त ओळख जाते, मी इतक्या वॅटचा आहे अशी. साडेचारशेच्या चार्जरमध्ये ती ओळख देणारी चिपच नव्हती. ओळख पटली नाही की लॅपटॉपचा बोर्ड प्रोसेसरला गती पाडायचा इशारा देतो, त्याला बीडी प्रोचॉट म्हणतात. गरम झाल्यावरही हाच इशारा येतो, म्हणून भाच्याला कापूस सुचला होता.

खात्री करायला जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या सरांचा त्याच कंपनीचा चार्जर तासाभरासाठी मागून आणला. आकडा १.९९, बॅटरी चार्ज व्हायला लागली. सुरू होताना एफ-२ दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंगमध्ये, गेले तर तिथे अडॅप्टरचे वॅट लिहून आले. माझा चार्जर लावला की त्याच जागी अनोळखी. दुसऱ्याच्या चार्जरनेही ओळख पटली नसती, तर बहुधा लॅपटॉपमधला पिनेच्या खोबणीचा भाग बिघडलेला असता. तोही बदलून मिळतो, त्यासाठी मदरबोर्ड बदलावा लागतो असं नाही.

अस्सल चार्जर अठराशेचा, यायला चार दिवस. तेवढे दिवस थ्रॉटलस्टॉप नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये बीडी प्रोचॉटची खूण काढून काम चालवलं. वेग परत आला, बॅटरी मात्र चार्ज होत नव्हती. कायमचं हे ठेवू नका. प्रोसेसर शंभर अंशांजवळ गेला की स्वतःला सांभाळतो, पण बोर्डावरच्या बाकीच्या भागांचा इशारा तुम्ही बंद केलेला असतो. मे महिन्यात, आमच्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो तेव्हा, हा धोका मी घेणार नाही.

३१ जुलैपर्यंत राहिलेले बहुतेक अर्ज केले, शेवटचे दोन दिवस रात्री एकपर्यंत बसून. ती तीनदा परत गेलेली म्हातारी ३० तारखेला आली, तिचा अर्ज मी रांग मोडून आधी भरला आणि पावती तिच्या हातात दिली. कुणी काही म्हटलं नाही.

दुकानात ऑगस्टमध्ये एकदा गेले होते, पाचशे परत मागायला नाही, सांगायला. ते म्हणाले, "असं होत असते ताई." एवढंच.

आणखी एक राहिलंच. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि माझ्या लॅपटॉपमधला सहाव्या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाही. केंद्रासाठी आता जुना लॅपटॉप घेणार असाल तर इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा पुढचा बघा. आणि दुरुस्तीहून मशीन परत घेताना आपला चार्जर सोबत न्या, तो लावून, आपली एक पीडीएफ उघडून, टास्क मॅनेजरमधला स्पीड त्यांच्यासमोर वाचा, मगच पैसे काढा. माझा चार्जर मी आता काम झालं की गुंडाळून भिंतीच्या वरच्या खुंटीला टांगते, उंदीर तिथपर्यंत पोचत नाही.