मुंग्या गेल्यावर येणारे

लष्करी मुंग्यांचा मुक्काम हलताना बघायला जो येतो त्याला दोन गोष्टी हव्या असतात: राणी दिसावी आणि मुंगीच्या वेषातला भुंगेरा दिसावा. दोन्ही दिसलं की माणूस खूश होऊन उठतो, गमबुटांतला चिखल झटकतो आणि झोपायला जातो. मागून जे येतं ते बघायला सहसा कुणी थांबत नाही, आणि थांबावं असं त्यात काही दिसतही नाही. तीन-चार मिलिमीटरचे तपकिरी भुंगेरे, एकाला झाकावा नि दुसऱ्याला काढावा असे. मी ज्या गटात काम करते तिथे नेमकं हेच माझ्या वाट्याला आलंय. मुंग्या गेल्या तरी बसून राहायचं.

जागा कोस्टा रिकातली, सारापिकीजवळचं ला सेल्वा संशोधन केंद्र. सखल भागातलं वर्षावन. वर्षाला सुमारे ४ मीटर पाऊस पडतो, त्यामुळे कोरडं राहायचा हट्ट माणूस लवकरच सोडून देतो. एसिटॉन या लष्करी मुंग्यांच्या सहा जाती इथे एकाच रानात नांदतात आणि प्रत्येकीच्या आश्रयाला आयत्या बिळावरचे नागोबा असतातच. या सहा जातींच्या वसाहतींमधले पाहुणे गोळा करून केलेला एक मोठा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. त्यात ६२ जाती निघाल्या: ४९ भुंगेरे, ११ माश्या, एक मिलिपीड आणि एक कसर, म्हणजे पुस्तकं खाणाऱ्या कसरीची रानातली बहीण. यातल्या निदान १४ जाती विज्ञानाला सर्वस्वी नव्या होत्या. तेही जिथे दशकानुदशकं शास्त्रज्ञांचा राबता आहे अशा रानात!

भुंगेऱ्यांमध्ये रोव्ह बीटल हे घराणं अफाट मोठं आहे. ६० हजारांहून जास्त जातींना आजवर नावं मिळाली आहेत. पुढचे कडक पंख आखूड, अर्ध्यावरच कापल्यासारखे, आणि मागचं पोट उघडं, हवं तसं वळणारं. या पोटाच्या जोरावरच ते कुठल्याही फटीत शिरतात. मुंग्यांकडे राहणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या पोटावर एक ग्रंथी असते. तिच्यातून उग्र रसायन सुटतं आणि ते आमच्या चांगलंच ओळखीचं आहे. कारण आम्ही भुंगेरे अ‍ॅस्पिरेटरने ओढून घेतो. तोंडाने नळीतून हवा ओढायची की किडा कुपीत पडतो. मध्ये जाळी असते, पण वास काही जाळीला जुमानत नाही. घसा खवखवत राहतो.

त्या दिवशीची वसाहत एसिटॉन हॅमेटमची होती. फिकट नारिंगी-तपकिरी मुंग्या, सैनिकांचं डोकं चकचकीत, जबडे लांब आणि आकड्यासारखे वळलेले. ही जात इतर मुंग्यांच्या आणि गांधीलमाश्यांच्या घरट्यांवर धाड घालून त्यांची पिल्लं पळवते. हिचं स्वतःचं बांधलेलं घर नसतं. हजारो कामकरी मुंग्या एकमेकींच्या पायात पाय अडकवून लोंबकळतात आणि त्या जिवंत गाठोड्यात राणी आणि अळ्या असतात. आमचं गाठोडं एका पडलेल्या ओंडक्याखाली होतं. अंधार पडायच्या सुमाराला बाहेर जाणाऱ्या मुंग्यांच्या पोटाखाली स्वतःच्याच अळ्या दिसायला लागल्या. याचा अर्थ एकच, आज बिऱ्हाड हलणार.

सोबत या भागातलेच एक ज्येष्ठ सहकारी होते. या रानात त्यांचं आयुष्य गेलंय आणि मुंग्यांची वाट ते माझ्याआधी ओळखतात. कुठे बसायचं तेही तेच ठरवतात: वाटेला आडवं नाही, बाजूला, वाऱ्याच्या खालच्या अंगाला. मुंग्यांवर श्वास पडला की सगळी रांग विस्कटते आणि मग पँटच्या आत काय होतं ते सांगायला नको. डोक्यावरच्या दिव्याला लाल काच. बसण्याआधी आजूबाजूचा पालापाचोळा काठीने नीट चाचपायचा, कारण इथे टर्सिओपेलो नावाचा जहाल विषारी साप रात्री पानांतच पडून असतो.

रांग सुरू झाली ती थांबेचना. मुंगी, अळी, मुंगी, अळी. मधूनच एखादी ‘मुंगी’ जरा वेगळी चालते. हा फरक शिकवता येत नाही, डोळ्याला सवय व्हावी लागते. मुंगीची मिशी कोपरासारखी वाकलेली असते, याची तशी नसते. मुंगीच्या कमरेला दोन गाठी असतात. याने पोटाचेच पहिले भाग बारीक करून कमरेची नक्कल केलेली असते. पाठीवर पंखांचे दोन छोटे तुकडे असतात, पण लाल उजेडात ते दिसले तर दिसले. हा एसिटोफिया, मुंगीच्या वेषातला रोव्ह बीटल. रंगसुद्धा यजमान मुंगीचाच.

हा असा नटून कुणासाठी येतो, हा प्रश्न मला दर वेळी पडतो. एसिटॉनच्या कामकरी मुंगीला डोळ्याच्या जागी दोन्ही बाजूंना एकेक ठिपका असतो. आकार, रंग असलं काही तिला दिसत नाही. ती मिशांनी चाचपते आणि वास घेते. एरिख वास्मन या जेझुइट पाद्री-कीटकशास्त्रज्ञाने शंभरेक वर्षांपूर्वी मांडलं होतं की ही नक्कल स्पर्शासाठी आहे, मिशीला कंबर कमरेसारखी लागली पाहिजे. पटण्यासारखं आहे. पण मग रंगाचं काय? रंग काही चाचपून कळत नाही. रंग माझ्या मते पक्ष्यांसाठी आहे. धाडीसोबत अनेकदा पक्षी असतात. पळणारे किडे ते टिपतात, पण मुंग्यांना सहसा तोंड लावत नाहीत. मुंगीसारखं दिसणं तिथे कामाला येतं. मारुयामा आणि पार्कर या दोघा कीटकशास्त्रज्ञांनी २०१७ साली दाखवलं की रोव्ह बीटलच्या वेगवेगळ्या शाखांमध्ये मुंगीसारखं शरीर निदान १२ वेळा स्वतंत्रपणे घडलंय आणि या शाखांचा शेवटचा समान पूर्वज सुमारे साडेदहा कोटी वर्षांपूर्वीचा आहे. हा आकडा वाचल्यापासून नकलाकारांबद्दलचं माझं अप्रूप उलट कमीच झालं. जे पुन्हा पुन्हा घडतं ते फार अवघड नसावं.

राणी आली तेव्हा रांग एकदम जाड झाली. तिच्याभोवती सैनिकांचा आणि कामकऱ्यांचा असा गराडा असतो की आधी मुंग्यांचा एक गोळाच सरकताना दिसतो, राणी नंतर. त्या रात्री बघायला आलेले विद्यार्थी राणी गेल्यावर उठले. मीही पाय मोकळे करायला म्हणून हलले.

“तुम्ही उठू नका,” सहकारी म्हणाले. “खरे पाहुणे आता येतील.”

रांग विरळ होत गेली. कडेकडेने टेट्राडोनिया दिसायला लागले. हे रोव्ह बीटल नटतबिटत नाहीत. यातल्या काही जाती कुणा एकाच जातीच्या मुंग्यांना धरून राहत नाहीत. जखमी मुंग्यांवर ताव मारतात आणि मुंगी अंगावर आली की पोट वर उचलून पळ काढतात. मग पालथ्या होडीसारख्या पाठीचा, मुंगीच्या जबड्यात कुठूनच न सापडणारा भुंगेरा, व्हॅटेसस. मग कसर. मग मुंग्या संपल्या. जमिनीवर काहीच उरलं नाही, निदान आपल्या डोळ्यांना दिसेल असं. मुंग्यांच्या वाटेचा वास मात्र तिथे असतो आणि मुंग्या नसताना नुसत्या त्या वासावर हे पाहुणे चालू शकतात. रेटनमायर आणि अ‍ॅक्रे या कीटकशास्त्रज्ञांनी १९६८ सालीच प्रयोग करून हे दाखवलंय.

बराच वेळ गेला. पाऊस सुरू झाला, थांबला. आणि त्या रिकाम्या वाटेवरून एक भुंगेरा आला. पहिल्या नजरेला टेट्राडोनियाच. पण टेट्राडोनिया कसा, सरळ पळत सुटतो. हा थोडं जायचा, थबकायचा, डावी-उजवीकडे मिशा टेकवून वाट शोधायचा आणि पुन्हा निघायचा. पोट जमिनीला समांतर. मी नळी जवळ नेली तरी त्याने ते उचललं नाही. ओढून घेतला. थोड्या वेळाने तसाच दुसरा आला, तोही घेतला. घसा खवखवला नाही हे माझ्या लक्षात आलं आणि तेच मी वहीत पहिलं लिहिलं.

सकाळी दोघांना ओल्या प्लॅस्टरचा तळ असलेल्या डबीत त्याच वसाहतीतल्या मुंग्यांसोबत सोडलं. दुसऱ्या डबीत एक टेट्राडोनिया. त्याला मुंगीने मिशी लावली आणि लगेच जबडा उघडला. तो पोट उचलून कडेला पळाला, पुन्हा सापडला, पुन्हा पळाला. माझ्या पाहुण्याला मुंगीने मिशी लावली, मागून पुढून चाचपलं आणि ती त्याच्या अंगावरून चालत गेली. तो तिथेच दबून राहिला. मग दुसरी आली, तिनेही तेच केलं. कितीतरी वेळ मी हेच बघत बसले होते. चहा गार झाला. ना कंबर, ना रंग, दिसायला अगदीच सामान्य, आणि तरी मुंग्यांची काही तक्रार नाही. वासाने तो त्यांच्यातलाच झाला असावा. ते तपासायला हा वास ज्यात असतो तो अंगावरचा मेणचट थर काढून बघावा लागतो आणि दोनच नमुने हातात असताना ते परवडत नाही.

सूक्ष्मदर्शकाखाली गटप्रमुख बाईंनी पाहिलं आणि “टेट्राडोनिया नाही” एवढंच म्हणाल्या. त्यापुढे काय, हे सांगायला त्यांना बराच वेळ लागला. मान अरुंद, मिशीचे शेवटचे मणी जाड, पंखांवर बारीक खवले. दोन्ही माद्या निघाल्या. या गटातल्या जाती ओळखायच्या तर नराचं जननेंद्रिय बघावं लागतं. त्याच्याशिवाय वर्णन अर्धवट राहतं. एक पाय तोडून डीएनएसाठी दिला. जात ओळखायला बारकोड म्हणून वापरतात तो ६५८ अक्षरांचा डीएनएचा तुकडा पुढे हातात आला तेव्हा इथल्या कुठल्याच नोंदीशी जुळला नाही. तेवढ्याने नवी जात ठरत नाही. जुन्या लोकांनी नावं देऊन ठेवलेले मूळ नमुने संग्रहालयांत आहेत. वास्मनचा संग्रह नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टला आहे. त्यांच्याशी ताडून बघितल्याशिवाय कुणी ‘नवी’ म्हणू नये. अंतर्जालावर फोटो टाकून ‘नवी जात सापडली’ म्हणणाऱ्यांचा मला राग येतो तो यासाठीच.

नर हवा म्हणून पुन्हा वसाहतीकडे जावं, तर हॅमेटमच्या अळ्या कोषात गेल्या होत्या. आता सुमारे तीन आठवडे मुक्काम एका जागी. राणी अंडी घालणार, कोषांतून नव्या मुंग्या बाहेर येणार, त्याच सुमारास अंडी फुटणार, आणि नव्या अळ्यांची भूक पुन्हा सगळ्यांना चालायला लावणार. हे वेळापत्रक श्नायर्ला या शास्त्रज्ञाने १९३० च्या दशकात पनामातल्या बारो कोलोरॅडो बेटावर उलगडलं. ते आमच्या सोयीसाठी बदलणार नव्हतं.

मग कपाट उघडलं. ‘टेट्राडोनिया, जात अनिश्चित’ अशी चिठ्ठी लावलेल्या अल्कोहोलच्या कुप्या तिथे रांगेने उभ्या होत्या. घाईत असलेला प्रत्येक जण शेवटचा तपकिरी भुंगेरा अशाच कुपीत टाकतो. एकेक कुपी बशीत ओतून मान आणि मिशी तपासायला घेतली. एका जुन्या कुपीत, हॅमेटमच्याच दुसऱ्या वसाहतीतून आणलेल्या, अरुंद मानेचे दोन निघाले. त्यातला एक नर.

सध्या त्याच्या जननेंद्रियाची चित्रं काढणं चालू आहे. मास्ट्रिख्टला पत्र गेलंय. नाव काय ठेवायचं यावर मात्र गटात आत्तापासूनच भांडणं सुरू झाली आहेत.