तुम्ही विचारलंत म्हणून : जुनी फाइल उचलून का चालत नाही?

पोस्टग्रेस या डेटाबेसची नवी आवृत्ती बसवली की पीजीसोडियम हे एन्क्रिप्शनचे (मजकूर सांकेतिक करून ठेवणारे) एक्स्टेंशन, म्हणजे जोडणी, पुन्हा सोर्सपासून (मूळ कोडपासून) का बांधायचे, जुन्या सर्व्हरवरची फाइल तशीच उचलून नव्यावर का ठेवायची नाही, असे पुण्यातले माझे ग्राहक मला नेहमी विचारतात.

फाइल ठेवता येते, पण पोस्टग्रेस ती स्वीकारत नाही. एक्स्टेंशन म्हणजे सर्व्हरच्याच पोटात चालणारा सी भाषेतला कोड असतो आणि सर्व्हरची अंतर्गत रचना मुख्य आवृत्तीगणिक बदलते. म्हणून बांधणी (कम्पाइल) होतानाच एक्स्टेंशनच्या फाइलीत, म्हणजे लायब्ररीत, आवृत्तीची खूण उमटते, आणि ती जुळली नाही तर सर्व्हर १६ चा व लायब्ररी १४ ची आहे, असे सांगून पोस्टग्रेस तिला दारातच अडवतो. ही अडवणूक मला योग्य वाटते, कारण परक्या रचनेवर चाललेला कोड रुग्णांच्या नोंदींचे काय करील, याचा भरवसा कोणी देऊ शकत नाही. (१६.३ वरून १६.४ वर जाताना मुख्य आवृत्ती १६ च राहते, म्हणून सहसा हा खटाटोप करावा लागत नाही.)

बांधणी तशी अवघड नाही. लिबसोडियम (पीजीसोडियम जिच्यावर चालते ती एन्क्रिप्शनची लायब्ररी) आणि नव्या आवृत्तीची अंतर्गत रचना सांगणाऱ्या हेडर फाइली बसवायच्या, आणि मेक ही बांधणीची आज्ञा चालवताना १६ च्याच पीजी-कॉन्फिगचा (त्या आवृत्तीच्या फाइली कुठे आहेत ते सांगणाऱ्या प्रोग्रॅमचा) पूर्ण मार्ग द्यायचा. कारण दोन्ही आवृत्त्या एकाच यंत्रावर असल्या की भलत्याच आवृत्तीसाठी बांधणी होऊन बसते.

खरी काळजी किल्लीची, म्हणजे सांकेतिक मजकूर ज्याने उलगडतो त्या गुप्त आकड्याची असते. सदाशिव पेठेतल्या एका पॅथॉलॉजी लॅबचा सर्व्हर १४ वरून १६ वर नेण्याआधी मी त्याच्या प्रतीवर रंगीत तालीम केली. पीजीसोडियम बिनतक्रार बांधले गेले, सर्व्हर सुरू झाला, तक्त्यांतल्या ओळींची संख्याही जुळली. पण पहिल्याच रुग्णाचे नाव उलगडायला गेलो, तेव्हा सांकेतिक मजकूर अवैध असल्याची त्रुटी आली. पीजीसोडियमची मूळ किल्ली डेटाबेसमध्ये नसतेच. सर्व्हर सुरू होताना एक छोटी स्क्रिप्ट ती पुरवते. मी सोर्ससोबत येणारी नमुना स्क्रिप्ट वापरली होती, आणि ती डेटा डिरेक्टरीत (डेटाबेसच्या फाइली असतात त्या फोल्डरमध्ये) किल्लीची फाइल शोधते व न सापडल्यास मुकाट्याने नवी किल्ली तयार करते. आवृत्ती बदलून देणाऱ्या पीजी-अपग्रेड या साधनाने नव्या डिरेक्टरीत तक्ते आणले होते, ही फाइल आणली नव्हती. तालीम न करता मूळ सर्व्हरवर हेच केले असते आणि जागा मोकळी करण्यासाठी जुनी डिरेक्टरी पुसली असती, तर त्या नोंदी मला किंवा इतर कोणालाही पुन्हा वाचता आल्या नसत्या.

किल्ली ३२ बाइटची, म्हणजे कागदावर ६४ अक्षरांची असते. रविवारी दुपारी लॅब बंद झाल्यावर तिथल्या मॅडम जुनी किल्ली चार-चार अक्षरांनी वाचत होत्या आणि मी नव्या सर्व्हरवरची पडताळत होतो. 'ताई, पुन्हा एकदा,' असे म्हणून मी ती दुसऱ्यांदा वाचून घेतली, आणि मगच सर्व्हर सुरू केला. आता त्यांची किल्ली डेटा डिरेक्टरीबाहेर असते, स्क्रिप्टचा मार्ग कॉन्फिगरेशनमध्ये स्पष्ट लिहिलेला आहे, किल्ली न सापडल्यास स्क्रिप्ट नवी न बनवता थांबते, आणि तिची छापील प्रत मॅडमच्या बँकेतल्या लॉकरमध्ये आहे.