कूलर, कव्हर आणि मी

मे महिन्यात नागपुरात कूलरशिवाय जगणं नाही, आणि कूलरचा ओलावा माझ्या डीव्हीडींचा वैरी. काल एक केस उघडली तर आतला छापील कागद प्लास्टिकला चिकटलेला. हळूच सोडवायला गेलो, नायिकेचा अर्धा गाल प्लास्टिकवरच राहिला! आई म्हणाली, "काहून जपतं रे हा कचरा?"

कचरा कसा? बर्डीच्या बाजारातल्या फुटपाथवरून कव्हर बघूनच तर सिनेमे घ्यायचो मी. जुन्या पोस्टरचं हातानं रंगवलेलं चित्र असलं की डोळे मिटून विकत घ्यायचं. नुसती कापून चिकटवलेली नटांची मुंडकी दिसली, की सिनेमा कितीही चांगला असो, हात आखडतो.

डीव्हीडीची केस १९ सेंटिमीटर उंच, ब्लू-रेची १७. एका रांगेत ठेवल्या तर पडक्या दातांसारख्या दिसतात, म्हणून खण वेगळे. सदर भागात राहणारा माझा मित्र केसच्या बाहेरचं पुठ्ठ्याचं वेष्टण सरळ फेकून देतो. मी ते त्याच्याकडून मागून आणतो बाप्पा!

आता सगळं सामान कूलरपासून लांबच्या भिंतीला हलवलंय. तिथं आईची लोणच्याची बरणी होती.