लोथारची ताकद जाते कुठे?

लहानपणी चित्रकथेतल्या मँड्रेक जादूगाराचा खेळ खेळताना मला नेहमी त्याचा साथीदार लोथार व्हावे लागे, कारण आमच्या टोळीत मी सर्वांत उंच आणि आडदांड होतो. मँड्रेक होणारा मुलगा माझ्या खांद्याएवढाही नव्हता. हात हवेत फिरवायचा आणि शत्रूच्या बंदुकीचा साप झाला असे जाहीर करायचे, एवढेच त्याचे काम. मी एका वेळी दोघांना काखेत दाबून धरत असे, पण खेळ संपायचा तो त्याचा हात फिरला की. याचा तेव्हा मनस्वी राग येई.

1934 साली सुरू झालेल्या मूळ चित्रमालिकेतही हिशेब हाच आहे. लोथार हा जगातला सर्वांत बलवान माणूस, वर सात राष्ट्रांच्या संघाचा राजपुत्र. सिंहासनाची संधी सोडून तो मँड्रेकबरोबर हिंडतो. सुरुवातीची अनेक वर्षे त्याला बिबट्याचे कातडे गुंडाळायला लावून मोडकीतोडकी भाषा बोलायला लावली आहे. त्यामागची त्या काळाची वर्णद्वेषी नजर आज वाचताना चांगलीच खटकते, आणि 1965 नंतर त्याची भाषा सुधारली ही बरी गोष्ट झाली. पण ती नजर वजा केली तरी प्रश्न उरतोच. बळ आहे, कूळ आहे, राज्यही आहे, मग मालिका मँड्रेकची का?

माझे उत्तर असे, की कथेतली शक्ती दंडात नसते. गोष्ट ज्याच्या कृतीने कायमची वळते, तो कथेत शक्तिमान ठरतो आणि हे वळवण्याचे काम साथीदाराकडे सोपवलेले नसते. त्याला बळ कितीही देता येते. शेवटची कृती मात्र त्याच्या हाती द्यायची नाही, एवढे पथ्य लेखक पाळतो.

शेरलॉक होम्सच्या 60 कथांपैकी 4 वगळता सगळ्या वॉटसन सांगतो. वॉटसन मठ्ठ आहे असा समज पसरला आहे, तो मला अन्यायाचा वाटतो. तो डॉक्टर आहे, युद्धावर जाऊन आलेला आहे, प्रसंगी पिस्तूल चालवतो. पण विजारीवरचा चिखल पाहून माणूस कुठून आला हे त्याला पहिल्याच वाक्यात कळले, तर वाचकाने थक्क व्हायचे कोणाबरोबर? शिखराची उंची कळायला पायथ्याशी कोणीतरी उभे असावे लागते, आणि वॉटसनला तिथे उभे केले आहे. होम्स एका कथेत स्वतः लिहायला बसतो, तेव्हा वॉटसनची उणीव भासते हे त्यालाही कबूल करावे लागते.

याचा सर्वांत चांगला दाखला बास्करव्हिल घराण्याच्या कथेत आहे. ती 1901-02 मध्ये क्रमशः प्रसिद्ध झाली. होम्स लंडनमध्ये थांबतो, वॉटसनला माळरानावर पाठवतो, आणि कथेचा बराच मोठा मधला भाग वॉटसन एकट्याने पेलतो. तो लोकांना बोलते करतो, रात्री पाळत ठेवतो, माळावर लपून राहिलेल्या अनोळखी माणसाचा माग काढत एका दगडी झोपडीपर्यंत पोहोचतो. आत शिरून, पिस्तूल सज्ज ठेवून, अंधाऱ्या कोपऱ्यात दबा धरून बसतो. बाहेर पावले वाजतात, सावली पडते आणि ओळखीचा आवाज येतो. तो अनोळखी माणूस म्हणजे खुद्द होम्स! वॉटसनचा तपास अचूक होता आणि तो अचूक असल्यामुळेच नायकाच्या दारात जाऊन थांबला. वॉटसन दुखावतो आणि ते बोलूनही दाखवतो. इतकी मेहनत करून हाती काय लागले, तर आपलाच मित्र.

मारुतीरायाला साथीदार म्हणताना जीभ अडखळते, तरी या विषयात त्याला टाळून चालणार नाही. सुंदरकांडात तो लंकेत पोहोचतो, अशोकवनात सीता सापडते, खूण पटते, आणि तो तिला सरळ सांगतो, की माझ्या पाठीवर बसा, आत्ताच रामाकडे नेतो. क्षणभर थांबून याचा अर्थ लक्षात घ्यावा. सेतू नको, सैन्य नको, युद्ध नको; रामायण तिथेच संपते. आपली शक्ती पटावी म्हणून तो तिच्यासमोर प्रचंड रूपही धारण करतो. सीता त्याच्या बळाविषयी शंका घेत नाही, पण नकार देते. वाटेत मी पडले तर, राक्षस पाठीवर आले तर तू मला सांभाळशील की लढशील, परपुरुषाचा स्पर्श मी स्वेच्छेने करणार नाही, अशी कारणे ती सांगते. त्यांतच आणखी एक कारण आहे: तू एकट्याने हे केलेस तर रामाच्या कीर्तीला उणेपणा येईल, रामानेच रावणाला मारून मला न्यावे, हेच योग्य. साथीदाराची मर्यादा इतक्या उघडपणे मांडलेली मला दुसरीकडे कुठे आढळली नाही. ती मर्यादा इथे बळाची नाही. हे काम कोणाच्या नावावर पडायचे, याची आहे.

त्याआधी समुद्रकाठचा प्रसंगही पाहण्यासारखा आहे. वानर एकेक करून आपापली झेप सांगतात. दहा योजनांपासून बोली सुरू होते, म्हातारा जांबवंत नव्वद म्हणतो, अंगद शंभर म्हणतो, पण परतण्याची खात्री देत नाही. मारुती मात्र बाजूला गप्प बसलेला. शेवटी जांबवंत त्याला त्याच्या बळाची आठवण करून देतो. ऋषींच्या शापामुळे त्याला स्वतःच्या शक्तीचे विस्मरण झाले होते, हा खुलासा उत्तरकांडात येतो. नायकापुढे इतका समर्थ सेवक उभा करायचा, तर त्याच्या सामर्थ्याला झाकण हवे, हे कथा सांगणाऱ्यांनी किती पूर्वीच ओळखले होते!

हेच झाकण मला अगदी वेगळ्या ठिकाणी पुन्हा दिसले. अमेरिकन चित्रकथांतल्या फ्लॅश नावाच्या वेगवान नायकाचा पोरसवदा साथीदार वॉली वेस्ट. 1985 मध्ये मूळ फ्लॅश मरतो आणि वॉली त्याचा पोशाख चढवतो, पण त्याचा वेग ध्वनीच्या वेगापलीकडे जाईना. आधीच्या फ्लॅशपुढे हे काहीच नव्हे. 1993 मधल्या कथानकात उलगडते, की त्याचे पाय त्याचे मनच बांधून ठेवत होते. आपण गुरूच्या बरोबरीला आलो तर गुरू खरोखरच पुसला जाईल, ही ती भीती. ती सुटल्यावर तो गुरूच्याही पुढे निघून गेला. ही मोजक्या अपवादांतली एक गोष्ट, पण त्यासाठी गुरूला आधी मरावे लागले हे विसरता येत नाही. कॅप्टन अमेरिका या दुसऱ्या चित्रकथा-नायकाचा साथीदार बकी बार्न्स 2008 मध्ये स्वतः कॅप्टन अमेरिका झाला, तोही मूळ कॅप्टन आदल्या वर्षी मारला गेल्यावरच.

गादी रिकामी होत नाही तोवर काय होते, ते बॅटमॅनचा साथीदार रॉबिन याच्या बाबतीत दिसते. बॅटमॅन 1939 साली एकटाच आला. पुढच्याच वर्षी रॉबिन आणला, कारण लेखक बिल फिंगर यांना बॅटमॅनला बोलायला कोणी नाही ही अडचण जाणवत होती. म्हणजे हा मुलगा जन्माला आला तोच संवादाची सोय म्हणून. आता अशा मुलाला वाढू द्यायचे कसे? तो वाढला तर काळ सरकला, आणि काळ सरकला तर नायकाचे केस पिकले पाहिजेत. दर महिन्याला खपणाऱ्या नायकाचे केस पिकवणे कोणत्या प्रकाशकाला परवडेल? त्यामुळे 1940 मध्ये आलेला हा मुलगा कॉलेजात जायला 1969 साल उजाडले. तो स्वतंत्र नायक झाला 1984 मध्ये, तेही रॉबिन हे नाव टाकून, नाइटविंग म्हणून.

दुसऱ्या रॉबिनचे नशीब याहून वाईट. जेसन टॉड हा तापट, न ऐकणारा मुलगा बऱ्याच वाचकांना रुचला नाही. 1988 मध्ये प्रकाशकांनी दोन दूरध्वनी क्रमांक छापले: एक त्याला वाचवण्यासाठी, एक मारण्यासाठी. 5,343 मते मरणाच्या बाजूने पडली, 5,271 जगण्याच्या, आणि 72 मतांनी एक पोरगा गेला. 2005 मध्ये तो परतला तेव्हा बॅटमॅनला तोडीस तोड झाला होता, पण उभा होता समोरच्या बाजूला. बरोबरीला आलेल्या साथीदाराला घरात जागा नसल्यावर तो दुसरीकडे जाणार तरी कुठे?

‘डॉन किहोटे’ या स्पॅनिश कादंबरीतल्या सँचो पांझाचे प्रकरण मात्र या सगळ्यांत वेगळे आहे. आपल्या धन्याबरोबर, म्हणजे डॉन किहोटेबरोबर, तो हिंडतो तो एखाद्या बेटाचे राज्य मिळेल या आशेवर, आणि 1615 साली आलेल्या दुसऱ्या भागात ते त्याला मिळतेसुद्धा; अर्थात एका सरदाराने थट्टेखातर दिलेले. सगळे हसायला टपलेले असताना हा अडाणी शेतकरी इतके नेमके न्यायनिवाडे करतो, की थट्टा करणारेच अवाक होतात. आठवड्याभरात लटक्या हल्ल्याचे सोंग रचून, दोन ढालींच्या मध्ये बांधून त्याला तुडवले जाते. सोंग आटोपल्यावर तो न बोलता कपडे घालतो, तबेल्यात जातो आणि आपल्या गाढवाला मिठी मारतो. राज्य सोडू नका म्हणून लोक विनवतात, पण तो थांबत नाही. हे मात्र त्याला कोणी सुचवलेले नाही. धनी तेव्हा दूर सरदाराच्या वाड्यात आहे. वाटखर्चीला काय हवे ते मागा म्हटल्यावर तो गाढवासाठी थोडे सातू मागतो, स्वतःसाठी अर्धे चीज आणि अर्धा पाव, आणि निघतो.